तुटक रेघ कुठे संपते

लायसन्सच्या परीक्षेत माझा एकच प्रश्न चुकला, आणि लक्षात राहिला तोही तेवढाच. पडद्यावर रस्त्याचं चित्र होतं. मधोमध दोन रेघा शेजारी शेजारी, एक सलग, एक तुटक. तुटक आपल्या बाजूला. पुढच्या गाडीला ओव्हरटेक करता येईल का? मी ‘नाही’वर बोट ठेवलं. सलग रेघ दिसली की हात आखडता घ्यायचा, एवढंच मला ठाऊक. उत्तर ‘हो’ होतं.

पास झाले होते, तरी बाहेर आल्या आल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना विचारलं, ‘‘रस्ता तोच, जागा तीच. मग समोरून येणाऱ्याला बंदी आणि मला परवानगी, असं का?’’

सर म्हणाले, ‘‘मॅडम, आपल्या बाजूची रेघ आपली, समोरच्याची त्याची. पाठ करून टाका, पुढे सोपं जातं.’’

सत्तेचाळिसाव्या वर्षी पाठांतर होत नाही. कारण कळलं तरच गोष्ट टिकते. त्यात पंचवीस वर्षं प्रुफं तपासण्यात गेलेली. पानावरची प्रत्येक खूण कुणीतरी काहीतरी मनात धरून केलेली असते, हा धंद्याने लावलेला हट्ट. स्वल्पविराम आपोआप पडत नाही. मग रस्त्यावरची रेघ तरी आपोआप कशी पडेल?

गंमत म्हणजे इतकी वर्षं मी याच रेघांवरून गेले आणि एकदाही त्या पाहिल्या नाहीत. मागच्या सीटवर बसणाऱ्याला रस्ता म्हणजे खिडकीबाहेरची झाडं. स्टिअरिंग हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात मला रेघा दिसायला लागल्या आणि मग दुसरं काही दिसेना. गाडी अगदी बरोबर लेनमध्ये, पण नजर बॉनेटच्या पुढच्या दहा फुटांवर खिळलेली. सर ओरडायचे, ‘‘लांब बघा, लांब!’’ लांब बघायला लागले तशी गाडी आपोआप सरळ जाऊ लागली. रेघ डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायची असते हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग एक दिवस मुलीला विचारलं, रस्त्याच्या मधल्या तुटक रेघेचा एक तुकडा किती लांब असेल? ती म्हणाली, ‘‘हातभर.’’ मीही तेच म्हटलं असतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न लोकांना विचारून पाहिला होता. सगळ्यांत जास्त आलेलं उत्तर होतं दोन फूट. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे तो तुकडा असतो १० फुटांचा, आणि दोन तुकड्यांमधली मोकळी जागा ३० फुटांची. मी स्वतः मोजलं ते दुरुस्तीसाठी बंद केलेल्या एका रस्त्यावर. माझी चार पावलं भरली आणि वर थोडं. इतक्या जवळून ती रेघ रेघ वाटतच नाही. खडबडीत, कडेला उकललेला, टायरने काळवंडलेला पांढरा पट्टा. पुढे एक बाण काढलेला होता. उभं राहून पाहिलं तर तो बाण नव्हे, भाल्यासारखं लांबच लांब काहीतरी. अक्षरंही तशीच, रबरासारखी ताणलेली. चुकून झालेलं नाही ते. गाडीत बसलेला माणूस रस्त्याकडे वरून पाहत नाही, तिरका पाहतो, आणि तिरक्या नजरेत लांबी आवळली जाते. म्हणून आधीच ताणून लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यात अक्षर नेमकं बसतं. प्रुफवाली असूनही मला या अक्षरांचा मनापासून हेवा वाटला. वाचक कुठे बसलाय, किती वेगाने येतोय, हे धरून पाडलेला टाइप!

अमेरिकेतल्या त्या १० अधिक ३० फुटांचा उपयोगही आहे. एक तुकडा आणि एक मोकळी जागा मिळून झाले १२ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे ‘एक’ म्हणेपर्यंत एक जोडी मागे पडते आणि वर दोन मीटर जातात. हे कळल्यापासून पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटायची माझी हिंमत होत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

पण मूळ प्रश्न होता सलग आणि तुटक रेघेचा. त्याचं उत्तर एका चढावर मिळालं. लांबलचक चढ होता आणि पुढे एक ट्रक रखडत चाललेला. माझ्या बाजूला सलग रेघ. चढाच्या माथ्याकडे बघितलं तर रस्ता संपून आभाळच सुरू झालेलं. तिकडून काय येतंय ते दिसण्याची काही सोयच नव्हती. मी ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत राहिले. माथा आला, ट्रक पलीकडे कलला, आणि समोर दोन मैल रस्ता उलगडला. माझ्या बाजूची सलग रेघ तुटक झाली. समोरून वर येणाऱ्यांच्या बाजूची मात्र सलगच राहिली.

अरे! त्यांना आता आभाळ दिसत होतं आणि मला रस्ता. जागा एकच, पण माथ्यावरून उतरणाऱ्याला दिसतंय आणि चढणाऱ्याला दिसत नाही. म्हणून एकाला हो, एकाला नाही. परीक्षेच्या पडद्यावरच्या चित्रात चढ दाखवला असता तर मी चुकले नसते, असं सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पास झालात ना? मग आता गाडी चालवा.’’

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की हे अंदाजपंचे ठरवत नाहीत. माणसाच्या डोळ्याची गाडीत बसल्यावर जी उंची होते ती धरायची, त्या रस्त्यावरच्या वेगाला ओव्हरटेकसाठी किती पुढचं दिसायला हवं ते धरायचं, आणि प्रत्यक्ष जाऊन बघायचं. एक पद्धत अशी, की दोन गाड्या ठराविक अंतर राखून एकामागे एक निघतात. पुढच्या गाडीवरची खूण मागच्याला दिसेनाशी झाली की रस्त्यावर ठिपका. परत दिसायला लागली की दुसरा ठिपका. या दोन ठिपक्यांच्या मधे सलग रेघ. मग तीच फेरी उलट दिशेने. ही काही मनाई करायची हौस नव्हे. कुणीतरी माझ्या उंचीवरून, माझ्या बाजूने आधी बघून गेलंय आणि तिथे त्याला काही दिसलेलं नाही, एवढाच त्या रेघेचा निरोप.

पहिल्या रेघांची गोष्टही अशीच काहीशी आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स यांनी १९११ साली रस्त्याच्या मध्यावर रेघ ओढायची कल्पना मांडली. दूधवाल्याच्या गळक्या गाडीने रस्त्यावर सोडलेली पांढरी धार पाहून ती सुचली असं सांगतात. मला जास्त जवळच्या वाटतात त्या डॉक्टर जून मॅकॅरॉल. कॅलिफोर्नियात १९१७ साली समोरून आलेल्या ट्रकने त्यांची गाडी रस्त्याच्या खाली वाळूत घालायला लावली. त्यांनी अधिकाऱ्यांकडे मधल्या रेघेची मागणी केली, कुणी दाद दिली नाही, तेव्हा म्हणे स्वतःच रंग घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि मैलभर रेघ ओढली. राज्याने ती पद्धत उचलली १९२४ मध्ये. सात वर्षं बाई पाठपुरावा करत होत्या. अर्जांवर अर्ज लिहून मी हातपाय गाळले असते.

रेघा जमल्या, तरी पिवळ्या दिव्याने मला पुरतं घाबरवलं. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. सिग्नल हिरवा, मी जेमतेम दहा मीटरवर, आणि पिवळा लागला. पिवळा म्हणजे थांबा, हे शाळेपासून घोकलेलं. करकचून ब्रेक दाबला. गाडी स्टॉप लाइन ओलांडून झेब्रा क्रॉसिंगवर आडवीतिडवी उभी. मागच्या रिक्षाचे ब्रेक इतके किंचाळले की अजून कानात आहेत. रिक्षावाला उतरला, माझ्या खिडकीशी आला, मागच्या काचेवरचं ‘एल’ पाहिलं आणि काही न बोलता परत गेला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

चूक काय झाली ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. नियम पाळला होता ना? नियम नीट वाचला तेव्हा दिसलं की अर्धाच पाळला होता. रस्त्यावरच्या चिन्हांचा आणि सिग्नलचा जो आंतरराष्ट्रीय करार १९६८ साली व्हिएन्नात झाला, त्यात पिवळ्याचा अर्थ दिलाय: रेघ ओलांडू नका, पण सुरक्षितपणे थांबता येणार नाही इतके जवळ असाल तर जा. त्या ‘पण’मध्येच सगळी मेख आहे.

या पिवळ्याचा जन्मही उशिराचाच. रस्त्यावरचा पहिला सिग्नल लंडनला पार्लमेंटच्या इमारतीजवळ लागला, डिसेंबर १८६८ मध्ये. रेल्वेचे इंजिनिअर जे. पी. नाइट यांची ती कल्पना. रेल्वेसारखे हलणारे हात आणि रात्री गॅसवरचे लाल-हिरवे दिवे. महिनाभरात गॅस गळून स्फोट झाला, दिवा हलवणारा पोलीस भाजला आणि सिग्नलचं नाव लोकांनी टाकलं ते टाकलंच. विजेचा सिग्नल क्लीव्हलँडमध्ये ५ ऑगस्ट १९१४ रोजी सुरू झाला. त्यात लाल आणि हिरवा, दोनच. रंग बदलण्याआधी एक भोंगा वाजायचा. तिसरा रंग घातला तो डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी, १९२० मध्ये. म्हणजे पिवळा दिवा हा मुळात भोंगा आहे. ‘आता बदलतंय हं’, एवढंच तो सांगतो. काय करायचं ते तुम्ही कुठे आहात त्यावर.

कुठे म्हणजे नेमकं किती अंतरावर? मी कागदावर मांडून पाहिलं. ताशी ५० चा वेग, सेकंदाला १४ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, १४ मीटर संपले. मग अंगाला हिसका न बसता ब्रेक लावायचा तर आणखी ३३ मीटर लागतात. एकूण ४७. त्याहून लांब असाल तर आरामात थांबता येतं. जवळ असाल तर थांबायच्या भानगडीत पडू नये. आता ४७ मीटर त्याच वेगाने पार करायला लागतात जवळजवळ ३.४ सेकंद, म्हणून पिवळा निदान तेवढा तरी राहायला हवा. त्याहून कमी ठेवला तर मधे एक पट्टा असा तयार होतो की तिथल्या ड्रायव्हरला धड थांबता येत नाही, धड जाता येत नाही. १९६० साली गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या तिघांनी पिवळ्या दिव्यावर शोधनिबंध लिहिला तो याच कोंडीबद्दल. सिग्नलच्या वेळा चुकीच्या लावल्या तर शहाणा ड्रायव्हरसुद्धा कात्रीत सापडतो, हे त्यांनी गणिताने दाखवलं. मी दहा मीटरवर होते. मी सरळ निघून जायला हवं होतं!

तेव्हापासून हिरवा कितीही वेळ हिरवा असला तरी सिग्नल जवळ आला की मनात एक जागा ठरवून ठेवते, एखादा खांब, एखादं झाकण. त्याच्या अलीकडे पिवळा पडला तर थांबायचं, पलीकडे पडला तर जायचं. निर्णय आधी घेऊन ठेवला की पायाला विचार करावा लागत नाही. पाऊस असला की खांब आणखी मागचा धरते. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझं घरचं आहे. पण नव्याने शिकणाऱ्या कुणालाही मी पहिल्यांदा हेच सांगेन.

माझ्या मामाला लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. तरी त्याने चाळीस वर्षं गाडी चालवली. मी शिकत होते तेव्हा त्याला विचारलं, तुला सिग्नल कळतो कसा? तो म्हणाला, ‘‘रंग तुम्ही बघा. मी जागा बघतो.’’ लाल वर, हिरवा खाली. शिवाय हिरव्यात थोडा निळा मिसळलेला असतो, मामासारख्यांना तो वेगळा कळावा म्हणून. क्रम इतका महत्त्वाचा, तरी जगात एका ठिकाणी तो उलटा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात टिपररी हिल नावाच्या आयरिश वस्तीत हिरवा दिवा वर असतो. ब्रिटिशांचा लाल आपल्या हिरव्याच्या डोक्यावर कसा, म्हणून पोरांनी दगड मारमारून दिवा फोडला, पुन्हा लावला, पुन्हा फोडला. शेवटी प्रशासन नमलं. मामाला हे सांगितल्यावर तो खूप हसला आणि मग म्हणाला, ‘‘तिथे मात्र मला नेऊ नकोस.’’

हिरव्याबद्दलही माझा समज चुकीचाच होता. सिग्नल सुटला की निघायचं, असंच आपण म्हणतो. त्याच व्हिएन्ना करारात हिरव्याला ‘जा’ असं म्हटलेलंच नाही. जायला परवानगी आहे, एवढंच. आणि पुढे लिहिलंय, की चौकात इतकी गर्दी असेल की दिवा बदलेपर्यंत तुम्ही पलीकडे निघणार नाही, तर हिरवा असूनही शिरू नका. चौकात पिवळ्या तिरक्या रेघांची जाळी काढलेली असते ती यासाठीच. पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा रिकामी दिसली तरच त्या जाळीत चाक घालायचं. सगळ्या खुणांमध्ये सगळ्यांत कमी पाळली जाणारी ही खूण, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणी. मी जाळीच्या अलीकडे थांबते तेव्हा मागच्यांना वाटतं बाईंना सिग्नल दिसला नाही. मग कुणीतरी मला वळसा घालून पुढे जातो आणि बरोब्बर जाळीच्या मध्यात अडकतो. असा माणूस अडकलेला पाहून मला आनंद होतो, हे कबूल केलेलं बरं.

चमकणाऱ्या दिव्यांचं काम सोपं आहे. पिवळा उघडझाप करत असेल तर वेग कमी करा, बघा, जा. लाल उघडझाप करत असेल तर पूर्ण थांबा, बघा, मगच जा. बाणाचा दिवा असेल तर परवानगी त्या बाणाच्या दिशेपुरतीच. इतकंच.

रात्रीचं मात्र सोपं नाही. पहिल्यांदा रात्री पावसात गाडी काढली तेव्हा रेघा गायबच झाल्या. कोरड्या रात्री तर दिव्याच्या झोतात कशा उजळतात! त्याचं कारण रंगात मिसळलेले आणि वर भुरभुरवलेले काचेचे मणी, वाळूइतके बारीक. दिव्याचा उजेड मण्यात शिरतो, वाकतो, मागच्या रंगावर आपटतो आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने परततो, म्हणजे थेट गाडीकडे. पाऊस पडला की मण्यांवर पाण्याचा पातळ थर बसतो, उजेड पाण्यावरूनच घसरून पुढे निघून जातो आणि रेघ बुडते. तेव्हा उपयोगी पडतात ते रस्त्यात बसवलेले, दिवा पडला की चमकणारे डोळे. ते पाण्याच्या थरावर डोकं वर काढून असतात. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी त्यांचं पेटंट घेतलं १९३४ मध्ये. मूळ रचना फार हुशारीची होती. काचेचे मणी रबरात बसवलेले, खालच्या खोबणीत पावसाचं पाणी साठायचं, आणि वरून चाक गेलं की रबर दबून काच धुतली, पुसली जायची. ज्या चाकांनी चिखल उडवला त्याच चाकांनी डोळे पुसायचे. त्या रात्री मी घरापर्यंत आले ती एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर, वीसच्या वेगाने.

गेल्या महिन्यात तो चढाचा रस्ता नव्याने डांबरला. काळाकुळकुळीत, गुळगुळीत, आणि वर एकही रेघ नाही. इतका छान रस्ता, पण गाड्या बावचळल्यासारख्या चालल्या होत्या. समोरचे मध्यावरून येत होते, मीही नकळत मध्यावर सरकत होते. माथ्याच्या अलीकडे मला पुन्हा आभाळ दिसायला लागलं आणि पुढे एक टेम्पो रखडला होता. मी मागेच राहिले. रेघ नव्हती, तरी कुठून कुठपर्यंत सलग होती ते मला पाठ झालं होतं. पाठांतर झालं म्हणायचं शेवटी.

परवा रात्री तिथूनच परतताना माथ्यावर माणसाने हात करून थांबवलं. पुढे काम चाललं होतं. एका मोठ्या टाकीत रंग उकळत होता, डोळ्यांत झोंबणारा वास. रस्त्याच्या मधोमध दोरी ताणलेली. एकजण हातगाडीसारखं यंत्र ढकलत पलीकडून माझ्याकडे येत होता. पुढे एक लांब सळई, तिचं टोक दोरीवरून जराही हलू देत नव्हता. मागून जाड, ओला, वाफाळता पट्टा पडत होता आणि त्यावर मणी भुरभुरत होते. माझ्या दिव्यांत तो पट्टा आत्तापासूनच चमकत होता. एका जागी आल्यावर त्याने दांडा ओढला, पट्टा थांबला. तो चार-पाच पावलं तसाच चालला, दांडा सोडला, पट्टा सुरू. पुन्हा ओढला. सलग रेघ तुटक झाली होती.

काच खाली करून विचारलं, ‘‘दादा, इथूनच तुटक करायची हे कळतं कसं?’’

त्याने पायाच्या अंगठ्याने डांबरावरचा खडूचा ठिपका दाखवला. ‘‘हा काय, ताई. ते लोक आधी येऊन बघून गेलेत.’’

‘‘आता जाऊ का मी?’’

‘‘गरम आहे अजून. चाक चिकटेल. पाच मिनिटं थांबा.’’

मी इंजिन बंद केलं.